हिरवी वायर

प्रिय चिमटे,

अक्षर ओळखलंस ना? मग पाकीट बाजूला टाकू नकोस, आधी बूड टेकून बस. हो, तुझ्या बापाचंच आहे. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला माणूस. सामानाच्या यादीत 'साबण' लिहिला तरी तो रस्त्यापलीकडून वाचता यावा असा लिहितो. पण बोलणारी मी आहे, तुझी आजी. त्याचा फक्त हात. नेहमीसारखं समोरच्या शिवणवालीला बोलावलं असतं तर ती आनंदानं आली असती, आणि मधे मधे स्वतःच्या चार ओळीही घातल्या असत्या. या वेळी मला तिचा हात नको होता. का, ते शेवटी सांगते. त्यालाही अजून सांगितलेलं नाही. अट एवढीच घातली आहे की मी बोलेन ते लिहायचं, मधे तोंड घालायचं नाही आणि काही गाळायचं नाही. मला वाचता येत नाही, पण कान शाबूत आहेत. चौतीस वर्षं वाइंडिंगच्या कारखान्यात मशीनचा आवाज ऐकून तारेचे वेढे मोजलेत मी. मी किती बोलले आणि पेन किती चाललं, ते मला बरोबर कळतं. आत्ता त्यानं सुस्कारा टाकला. तोही लिही म्हटलं.

आधी इकडची खबर. माझा उजवा गुडघा आता माझ्या आधी म्हातारा झालाय. पेन्शनच्या कचेरीत नवं मशीन आलंय, त्यावर अंगठा ठेवायचा. माझ्या अंगठ्यावर रेषाच उरल्या नाहीत, तारेनं घासून नेल्या सगळ्या, तर ते मशीन दर वेळी सांगतं की ही बाई ती बाई नव्हे. खिडकीतली मुलगी लाजते आणि डोळ्यांवरून ओळखते. तुझ्या बापाच्या चष्म्याची काच आणखी जाड झाली. चपलांच्या दुकानाची मोठी पाटी चाललीये त्याची, रोज शिडीवर चढतो. चहा अजून तसाच करतो, भांडं विसळल्याच्या पाण्यासारखा. कपाट, टेबल, तुझी खुर्ची सगळं जागच्या जागी आहे. तुझ्या भावाचे, आपल्या भोंग्याचे, बूट दारामागे होते तिथेच आहेत. मी केर काढताना ते उचलते आणि तिथेच ठेवते. तुझा बाप त्यांना वळसा घालून जातो.

गेल्या महिन्यात तुझ्या खोलीत राहणारी ती नर्स आली होती. तिच्यावर रागावू नकोस. तिचं इथे काहीतरी काम होतं, पत्ता तिनं तुझ्या जुन्या पाकिटावरून घेतला, आणि अर्धा तास आमच्या स्वयंपाकघरात बसून गेली. तुझी तब्येत बरी आहे म्हणाली. मग म्हणाली, तू गोदामात खोकी बांधतेस. माझी चिमटी, जिनं मेलेले रेडिओ उठवून बसवले, जिच्याकडे दुरुस्तीच्या दुकानाचा मालक स्वतः अडलं की यायचा, ती खोक्यांना चिकटपट्टी लावते. तेही असो, काम ते काम. पण ती पुढे म्हणाली की तू भिंतीवरचं बटणसुद्धा दाबत नाहीस. संध्याकाळी खोलीवर आलीस की तिला सांगतेस, दिवा लाव. ती कामावर असली तर तशीच बसून राहतेस. एकदा इस्त्रीची वायर तुझ्या पायाला लागली तर तू अर्धा तास थरथरत होतीस. हे ती बोलत होती तेव्हा तुझा बाप मागे नळाखाली ब्रश धूत होता. नळ चालू होता, पण ब्रशचा आवाज थांबला होता. त्याला वाटतं मला ते कळलं नाही.

ती गेल्यावर मी चार दिवस काही बोलले नाही. घरात कोणाला फरक पडला नाही, कारण तीन वर्षं या घरात तसंही कोणी बोलत नाही. पाचव्या दिवशी तुझा बाप कामावर गेल्यावर मी स्टुलावर चढले. या गुडघ्यानं. कपाटावरून भोंग्याची ती गिटार खाली काढली. चौकशीच्या लोकांनी परत दिली तेव्हा ज्या चादरीत गुंडाळली होती, त्याच चादरीत होती. हे तुझ्या बापाला आत्ता पहिल्यांदा कळतंय. बघतोय माझ्याकडे. लिही.

आधी त्या रविवारबद्दल बोलायचंय, कारण तो तू मनात कसा ठेवला आहेस कोण जाणे. मी कसा ठेवलाय ते सांगते. दुपारची जेवणं झाली होती. तू टेबलावर जुना टॉवेल पसरलास आणि त्यावर गिटार उताणी झोपवलीस. भोंगा खुर्ची उलटी करून बसला होता आणि त्याचं तोंड चालू होतं, जन्मल्यापासून कधी बंद होतं म्हणा. पाळण्यात असताना तिसऱ्या मजल्यावरची माणसं खाली बघायला यायची, कारखान्याचा भोंगा झाला का म्हणून. नाव तिथूनच पडलं. त्याची कित्येक दिवसांची तक्रार अशी की गिटार त्या आवाजाच्या पेटीला, अ‍ॅम्पला, जोडली की घरघरते. तू म्हणाली होतीस, तारेची थरथर पकडणाऱ्या त्या ज्या चपट्या डब्या असतात, पिकअप, त्या जुन्या एकेरी आहेत. दुहेरी आणू, मीच बदलते. नव्या पिकअप आल्या तेव्हा मला केवढं अप्रूप! आत आमचंच काम, चुंबकाभोवती तारेचे वेढे, तार केसाच्या चौथ्या हिश्शाएवढी. मी नखानं चाचपून म्हटलं की गुंडाळणारी बाई शेवटी शेवटी कंटाळली होती. दुहेरी म्हणजे काय ते तू मला समजावलंस. एका बॉबिनीवर तार उजवीकडून, दुसरीवर डावीकडून, त्यामुळे बाहेरची घरघर दोन्हींत शिरते आणि आतल्या आत एकमेकींना खोडून काढते. मी म्हटलं, म्हणजे दोन जावा पाठीला पाठ लावून बसवल्या की घर शांत. भोंगा हसता हसता खुर्चीवरून खाली आला.

मग तू कामाला लागलीस. तारा सैल करून काढल्यास. पुढची पांढरी पट्टी सोडवलीस, अकरा स्क्रू, ते बशीत ठेवलेस आणि बशी माझ्या ताब्यात दिलीस. जुन्या वायरी कापण्याआधी कोणती वायर कुठे जाते याचं चित्र काढलंस, आणि मला कळावं म्हणून अक्षरांऐवजी रंग भरलेस. ते चित्र माझ्याकडे आहे, डब्यात. वायरीचं टोक सोलायचं, त्याला आधी कथील पाजायचं, मग जागेवर टेकवून उष्णता द्यायची आणि हात हलवायचा नाही, हे सगळं मी तुला आठव्या वर्षी शिकवलं होतं, कारखान्यात, मधल्या सुट्टीत. तुमची आई गेल्यावर तुम्हा दोघांना कुठे ठेवणार, तर मी बरोबर न्यायची. तुला ती फळी आठवते का? तपासणीच्या टेबलाखाली होती ती, जाड, लाकडी, वर रबर ठोकलेली. मिस्त्रीचा नियम होता, पाय आधी फळीवर, मग हात कामावर. तुम्ही दोघं त्या फळीवर खेळायचात, जो खाली उतरेल त्याला चिमटा. चिमटे तूच जास्त काढायचीस. तर त्या रविवारी तू कथलाचे नऊ डाग दिलेस आणि एकही दुसऱ्यांदा द्यावा लागला नाही. संध्याकाळी तारा चढवल्या, अ‍ॅम्प लावला, आणि भोंग्यानं हात वर केला की थांबा. खोलीत काहीच आवाज नव्हता. तो म्हणाला, ऐका, काही ऐकू येत नाही. एवढा खूश तो पुन्हा कधी झाला असेल असं मला वाटत नाही. वेळ तरी कुठे होता.

त्याला तेरा दिवस झाले आणि तो गेला. शनिवारी, दुपारी, गॅरेजवरच्या त्या सरावाच्या खोलीत, गाता गाता त्याचा ओठ माइकला लागला आणि गिटार त्याच्या हातात होती. एवढंच. ड्रम वाजवणाऱ्या मित्रानं प्लग ओढला तोवर व्हायचं ते झालं होतं. रविवारी सकाळी वीज खात्याचा माणूस घरी आला. त्यानं अ‍ॅम्पचा प्लग उघडून पाहिला, तिन्ही वायरी जागेवर. अ‍ॅम्प जुना, आतून थोडा गळतो म्हणाला, पण अर्थिंग ठीक असताना फ्यूज उडायला हवा होता, माणूस जायला नको होता. खोलीचा मालक शपथा खाऊन सांगत होता की माझ्या भिंतीतली वायरिंग नवी आहे. मग त्या वीज खात्याच्या माणसानं गिटार उघडली. आत ताजे चकचकीत डाग. हे कोणी केलं, असं त्यानं विचारलं, आणि तू म्हणालीस, मी. इकडे तिकडे पाहिलंसुद्धा नाहीस. त्यानं कागदावर लिहिलं की घरी केलेल्या दुरुस्तीत दोष असावा. 'असावा' हा शब्द मला नंतर शिवणवालीनं वाचून दाखवला. पण तोवर घरात तो शब्द गळून गेला होता. मी त्या वेळी दारात उभी होते, हातात चहाचा ट्रे घेऊन. मी त्याला चहा दिला.

आणि मग जिन्यात तुझा बाप तुला जे बोलला ते. चिमटे, मी हे त्याच्याकडून लिहून घेणार आहे. पेन थांबलंय. मी थांबते. मला घाई नाही.

"तू हात लावला नसतास, तर तो असता."

लिहिलं त्यानं. ऐकलं मी. एवढं वाक्य बोलायला त्याला एक क्षण लागला होता, लिहायला बराच वेळ लागला. बारा दिवसांनी पिशवी भरलीस आणि गेलीस. तो तेव्हा शिडीवर होता, पाटी रंगवत. संध्याकाळी आला आणि तुझी खुर्ची टेबलाखाली सरकवून ठेवली. त्यानंतर तुझं नाव घेतलं नाही. पण बाई गं, खुर्चीवर दुसरं कोणी बसलेलं त्याला चालत नाही. शिवणवाली एकदा बसली तर तिला उठवलं आणि वर पंख्याचं कारण सांगितलं.

आता गिटारकडे ये. मी ती टेबलावर घेतली, टॉवेल तोच. स्क्रू काढायला मला सकाळ गेली, हात कापतो हल्ली. पट्टी उचलली आणि भिंग लावून बघत बसले. तुम्ही लोक अक्षर ओळखता, मी डाग ओळखते. चौतीस वर्षांत आमच्या टेबलावरच्या सोळा बायकांपैकी कोणाचा डाग कोणता ते मी डोळे मिटून बोटानं सांगायची. तुझे नऊ डाग मी एकेक पाहिले. गोल, तुकतुकीत, कडेला बारीक, वायर आत पूर्ण बुडालेली. ढकलून पाहिले, ओढून पाहिले. बॅटरी आणि छोटा दिवा जोडून प्रत्येक वायर तपासली. नऊच्या नऊ खरे. आणि मग मी ती वायर शोधली जी तारांच्या खालच्या लोखंडी पट्टीला जाते. कारण वीज त्याच्या हातात आली ती तारांतून, आणि तारांत यायला तिला तेवढी एकच वाट आहे. ती वायर प्रत्येक गिटारमध्ये असते. या गिटारमध्ये ती कारखान्यातूनच आलेली होती. तिच्या दोन्ही टोकांचे डाग राखाडी, मळकट, वर धूळ बसून घट्ट झालेली. ते तुझे डाग नाहीत, पोरी. त्या वायरीला तू हात लावलाच नव्हतास. तुझ्या चित्रातसुद्धा तिला रंग दिलेला नाही. तू जुन्याच पिकअप ठेवल्या असत्यास, तरी त्या शनिवारी तेच झालं असतं.

हे लिहिताना त्याचं पेन आधी भराभर चाललं आणि मग हळू झालं. विचार करतोय तो. पाट्या रंगवत असला तरी वाइंडिंगवालीचा मुलगा आहे. गिटारमध्ये दोष नाही, प्लग ठीक, भिंत ठीक, मग माझा मुलगा गेला कसा, हे त्याच्या डोक्यात आत्ता फिरत असणार. थांब रे. तेच सांगायला बसले आहे.

त्या रविवारनंतर तीन दिवसांनी, बुधवारी, भोंगा तोंड पाडून माझ्याजवळ आला. घरात गिटार शांत होती, पण गॅरेजवरच्या खोलीत गाण्याच्या माइकची पेटी आणि त्याचा अ‍ॅम्प एकदम लावले की वेगळीच घरघर सुरू व्हायची. त्याला वाटलं, तुझ्या कामात काही राहिलं. तुला सांगायचं नाही म्हणाला, तिनं एवढ्या हौसेनं केलंय, तिला वाईट वाटेल. म्हणून मला सांगितलं. मी ती घरघर लगेच ओळखली. तिचा गिटारशी काही संबंध नव्हता. दोन पेट्या दोन्हीकडून जमिनीला जोडलेल्या असल्या की असं होतं, आमचा मिस्त्री सांगायचा. मी त्याला म्हटलं, उद्या अ‍ॅम्प घरी आण. गुरुवारी दुपारी त्यानं आणला. तू दुकानात होतीस, तुझा बाप कामावर. मी अ‍ॅम्पचा प्लग उघडला आणि त्यातली हिरवी वायर काढली. अर्थिंगची. टोक दुमडून पट्टी गुंडाळली आणि प्लग बंद केला. दोन मिनिटांचं काम. आमच्या टेबलाला चौतीस वर्षं हिरवी वायर नव्हती. ती असली की जरा गळकी मोटर लावली तरी फ्यूज उडायचा आणि सगळ्यांचं काम खोळंबायचं, म्हणून मिस्त्रीनं ती काढून टाकली होती आणि फळी ठेवली होती. सगळ्यांना ठाऊक होतं. कधी कोणाला काही झालं नाही. भोंग्यानं मला विचारलं होतं, आजी, चालेल ना? मी म्हटलं, मला चौतीस वर्षं चाललंय. वायर काढलेली मला आठवली, फळी आठवली नाही. माझ्या हातांना तीच एक पद्धत ठाऊक होती, आणि त्या पद्धतीचा अर्धा भाग मी कारखान्यातच विसरून आले. हिरवी वायर नसली की गळकी वीज माणसातून जमिनीत जाते; पायाखाली लाकूड होतं म्हणून आम्ही सोळाजणी जगलो. त्याच्या पायाखाली सिमेंट होतं, आणि तो अनवाणी गायचा. हे मला ठाऊक होतं. मीच त्याला ओरडायची, चप्पल घाल म्हणून.

शनिवारी संध्याकाळी घर माणसांनी भरलं होतं. तो ड्रमवाला गिटार आणि अ‍ॅम्प घेऊन आला, बिचाऱ्याला हातांचं काय करावं सुचत नव्हतं. त्यानं ते मागच्या खोलीत ठेवलं. मी तिथे गेले, दार लोटलं, आणि हिरवी वायर परत बसवली. रडत नव्हते मी तेव्हा. हात कापतसुद्धा नव्हता. स्क्रूभोवती दोन वेढे उजवीकडून आणि टोक आत खोचलेलं, आमच्या कारखान्याची रीत. दुसऱ्या दिवशी वीज खात्याच्या माणसानं ती पाहिली आणि ठीक म्हणाला. त्याला वाचता आलं नाही, पण त्या प्लगात माझी सही होती. मी मनाला सांगितलं, याचा मुलगा गेलाय, आता याची आईपण जायला नको. छान कारण होतं. त्यानं याला आई राहिली आणि त्याच पंधरवड्यात मुलगी गेली. ट्रे घेऊन दारात उभी असताना मी एक शब्द बोलले असते तर पुरे होतं. तीन वर्षं तो शब्द तोंडात धरून मी याला जेवायला वाढते आहे.

इथे पेन खाली ठेवलं गेलं. तो उठला. माझ्याकडे न बघता मागे गेला. नळ सुटला. ब्रश सकाळीच धुतलेले आहेत, मी पाहिलेत, तरी तो धूत राहिला. मी इथे बसून मोजत होते, सवयच आहे. सहाशे वेढे होतील एवढा वेळ. मग नळ बंद झाला, खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि कागद सरकला. तो एवढंच म्हणाला, "पुढे सांग."

पुढे फार नाही. शिवणवालीच्या अक्षरात हे आलं असतं तर तुला वाटलं असतं, म्हातारी नातीचं दुःख हलकं करायला आळ स्वतःवर घेते आहे. आणि याला मी तोंडानं सांगायला गेले असते तर अर्ध्या वाक्यातच हा शिडी घेऊन निघून गेला असता. म्हणून याचा हात घेतला. जे वाक्य यानं तुला जिन्यात ऐकवलं, ते खोटं आहे हे यानंच आपल्या हातानं लिहावं, दुसऱ्या कोणाचं चालणार नाही. माझ्यासाठी काही मागत नाही. मला माफ करायला बसू नकोस, तेवढ्यानं व्हायचं नाही, आणि याच्या मनात माझं काय करायचं ते हा करील. पण तुझ्या खोलीतलं ते बटण आज तू दाब. तुझ्या हातात काही दोष नाही. कधीच नव्हता. आता राहिली एक अडचण. पेन मी बोलले तेवढं चाललं, हे मी ऐकलं. पण त्यानं हेच लिहिलं, की 'इकडे सर्व ठीक आहे' असं चाळीस वेळा लिहिलं, ते मला कळायला मार्ग नाही. वाचून दाखव म्हणायची हिंमत नाही. हे तू वाचते आहेस म्हणजे त्यानं लिहिलंय. मग त्याला फोन कर. मला नको, त्याला. तुझ्या नंबराला त्याच्या फोनवर सायकलच्या घंटीसारखी घंटा आहे, तूच लावून दिली होतीस. तीन वर्षांत ती एकदाही वाजली नाही आणि त्यानं ती बदललेलीही नाही. स्वयंपाकघरात मला ती ऐकू येईल. आली की मला कळेल, त्यानं लिहिलं होतं. तो लगेच उचलेल असं मी सांगत नाही. तू वाजू दे.

तुझीच,
आजी

खाली अंगठा माझा. रेषा दिसल्या नाहीत तरी माझाच.